बारदान

तोलाईदार माणूस मी.
सांगलीच्या मार्केट यार्डात काट्यापाशी उभं राहून
बावीस वर्षं दुसऱ्याची हळद मोजली.
बारदान वजा करायचं, मग मालाचं वजन लिहायचं,
हे मला कुणी शिकवायला नको.

तरी जुईच्या बाबतीत
सहा वर्षं मी बारदानच मोजत बसलो.
बोलत नाही. बघत नाही. हाकेला वळत नाही.
मिरजेचे डॉक्टर झाले, देवऋषी झाला,
जिभेवर मधात उगाळलेलं वेखंड झालं.
एकदा तिची हनुवटी धरून
'माझ्याकडं बघ' म्हणून ओरडलो.
तिनं डोळे मिटून घेतले.
त्या दिवसाचं वजन
मी अजून कुठल्या काट्यावर घातलेलं नाही.

राजश्री म्हणाली, ती बघते की.
ती कुठं बघते ते तुम्ही बघत नाही.

मग बघायला लागलो.
तोटीला लोंबणारा थेंब, सुटेपर्यंत.
पंख्याची फरशीवर फिरणारी सावली.
बोळातल्या भिंतीवरची पुराच्या पाण्याची रेघ,
जिच्यावरून ती बोट फिरवत जाते
या टोकापासून त्या टोकापर्यंत
आणि मग पुन्हा पहिल्यापासून,
कारण मध्येच माझा फोन वाजला होता.

तो पूर आला तेव्हा छावणीत होतो.
एका हॉलमध्ये दीडशे माणसं, भोंगा, भांडी, ट्यूबलाइटची घरघर.
जुई कान दाबून किंचाळत होती
आणि कुणीतरी म्हणालं, 'आवरा की पोरीला, वळण न्हाई व्हय लावलं?'
तेव्हा पहिल्यांदा चारचौघांत बोललो.
आवाज तिला लागतो. चटका लागतो तसा लागतो.
एका म्हातारीनं उठून दिवा बंद केला.
बाकीचे बघत राहिले.

कागदावर तिला स्वमग्न म्हणतात.
स्वतःत मग्न तर आमच्याकडचे अडतेही असतात, दिवसभर.
त्यांना कुणी सर्टिफिकेट मागत नाही.

आजा सांगायचा,
पूर्वी सौदे रुमालाखाली व्हायचे.
दोन माणसं, रुमालाआड बोटं,
हजारोंचा भाव ठरायचा आणि तोंडातून शब्द नाही.
अख्ख्या पेठेत त्यांना मुकं कुणी म्हटलं नाही.

जुई माझा हात ओढून घेते.
तळव्यावर दोन बोटं दाबली, की पाणी.
नख घासलं, की इथून चल.
सगळी मूठ छातीशी धरली, की फार झालं, बाबा, फार झालं.
ही भाषा मला उशिरा आली.
अजून चुकतो. ती पुन्हा दाबते, जरा जोरात.

शाळेत बाई म्हणाल्या, बाकीच्या मुलांचं नुकसान होईल.
मी दहावी नापास, बाईंसमोर उभं राहताना
अजूनही हात मागं जातात.
अर्जात मी 'विनंती' लिहिलं होतं.
राजश्रीनं ते खोडून 'मागणी' लिहिलं.
दाराजवळची जागा.
घंटेपासून लांबचा वर्ग.
डब्याची सुट्टी दहा मिनिटं आधी.
आणि तिची हनुवटी कुणी धरायची नाही,
हे शेवटचं कलम माझ्या अक्षरात आहे.

अकरा खेपा झाल्या जिल्हा परिषदेच्या.
साहेब मिटिंगला, साहेब रजेवर, सोमवारी या.
सध्या दोन तास बसवून घेतात. बघू म्हणतात.
आम्हीही बघतोय. बाराव्या खेपेची फाईल
पिशवीत, भाकरीच्या शेजारी.

अमावास्येला यार्ड बंद असतं.
जुईला घेऊन गेलो.
सगळीकडं हळदीची धूळ, आवाज कसला नाही.
ती वजनकाट्याच्या पाट्यावर जाऊन बसली
आणि डुलायला लागली, मागंपुढं, मागंपुढं.
आकडे नाचत राहिले, एकावर ठरेनात.
सवयीनं तोंडाशी आलं होतं, हलू नको.
गिळलं.
शेजारी बसलो, पाटा कुरकुरला.

बऱ्याच वेळानं तिनं माझा हात ओढला.
दोन बोटं.
मी बाटली घरी विसरलो होतो.
उठलो, नळ शोधायला.